ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगमधील अनाहूत कॅस्केड : एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या कार्यालयातील प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय, शिष्यवृत्ती या विभागांच्या नोंदी आता संगणकावर असतात. या नोंदी डेटाबेसमधील टेबलांत साठविल्या जातात. परंतु त्या हाताळणारा प्रोग्राम बहुधा टेबलांच्या भाषेत नव्हे, तर ऑब्जेक्टच्या भाषेत लिहिलेला असतो. या दोन भाषांमध्ये दुभाषाचे काम करणारे तंत्र म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, अर्थात ओआरएम होय. दुभाषा सांगितले तेवढेच बोलत असेल तोवर त्याच्याविषयी चर्चा करण्याचे कारण नाही. मात्र आपण एका नोंदीविषयी बोललो आणि त्याने तिच्या नात्यातील आणखी दहा नोंदींविषयी आपल्या वतीने निर्णय कळवून टाकला, तर त्याला हा अधिकार कोणी व कोणत्या शब्दांत दिला हे तपासणे भाग पडते. एका नोंदीवर केलेली क्रिया तिच्याशी जोडलेल्या नोंदींवर पायरी-पायरीने उतरत जाणे यास संगणकशास्त्रात कॅस्केड म्हणतात. प्रस्तुत लेखात ओआरएममधील कॅस्केडच्या अनाहूत परिणामांची, म्हणजेच प्रोग्रामरने न मागितलेल्या किंवा मागितल्याचे त्याच्याही ध्यानी न आलेल्या बदलांची, चिकित्सा केली आहे.

हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागाचा आहे असे इतर विषयांच्या सहकारी प्राध्यापकांना वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या नोंदीला कोणीही हात लावलेला नाही ती नोंद बदलते, तेव्हा उत्तरदायित्वाचा प्रश्न निर्माण होतो. लिपिकाने ती टंकलेली नसते, प्राध्यापकाने तपासलेली नसते, प्रोग्रामरने तिचे नावही लिहिलेले नसते. कागदी रजिस्टरात खाडाखोड दिसत असे. येथे खाडाखोडही दिसत नाही.

दोन प्रतिमानांमधील अंतर :

ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानात नोंदींमधील संबंध हा समान मूल्यांनी व्यक्त होतो. विद्यार्थ्याच्या ओळीत विभाग क्रमांक ४ लिहिलेला असतो, विभागाच्या टेबलात क्रमांक ४ ची ओळ असते, संबंध तेवढाच. साठच्या दशकात नॉर्वेमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या सिम्युला भाषेतून उदयास आलेल्या ऑब्जेक्ट-प्रतिमानात मात्र विद्यार्थी हा ऑब्जेक्ट विभागाच्या ऑब्जेक्टला प्रत्यक्ष धरून असतो. एकाचा हात धरला की दुसऱ्यापर्यंत पोहोचता येते, आणि तिथून तिसऱ्यापर्यंत. टेबलांच्या जगात ‘पोहोचणे’ ही क्रिया प्रत्येक वेळी प्रश्न विचारून करावी लागते. ऑब्जेक्टच्या जगात ती गृहीतच असते. कॅस्केडचा सारा प्रश्न या गृहीत धरण्यातून जन्मतो.

या अंतराविषयी पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. सी. जे. डेट व ह्यू डार्वेन यांनी क्लास आणि टेबल यांना समान मानणे ही मूलभूत चूक असल्याचे प्रतिपादन केले. टेड न्यूअर्ड यांनी २००६ साली ओआरएमची तुलना अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाशी केली : आरंभीचे यश, वाढत जाणारी गुंतवणूक आणि माघारीचा मार्ग न सापडणे. ही तुलना गाजली. पण ती प्रस्तुत लेखकास फारशी उपयुक्त वाटत नाही, कारण ती एका संपूर्ण तंत्राला एकाच निवाड्यात गुंडाळते. ओआरएमने पुनरावृत्तीचे श्रम कमी केले हे नाकारण्यात अर्थ नाही. चिकित्सा व्हायला हवी ती त्यातील विशिष्ट निर्णयांची, आणि कॅस्केड हा त्यांपैकी सर्वांत कमी चर्चिलेला निर्णय आहे.

कॅस्केडचे मूळ व त्याचे स्थलांतर :

कॅस्केड ही ओआरएमची निर्मिती नव्हे. एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणकात ‘ऑन डिलीट कॅस्केड’ व ‘ऑन अपडेट कॅस्केड’ या सोयी आहेत. मुख्य ओळ काढली असता तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळी काढाव्यात की नाही हे तेथे टेबलाच्या व्याख्येतच एकदा लिहिले जाते. कोणताही प्रोग्राम आला तरी नियम तोच राहतो. काही डेटाबेस याबाबत कमालीचे सावध आहेत. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एकाच टेबलापर्यंत कॅस्केडचे दोन मार्ग पोहोचत असतील, किंवा कॅस्केड फिरून मूळ टेबलावर येत असेल, तर अशी व्याख्या स्वीकारतच नाही. अनेक प्रोग्रामर याबद्दल कुरकुर करतात. ही अडवणूक योग्य आहे असे आमचे मत आहे. काय नष्ट होणार हे कागदावर सहज वाचता येत नसेल, तर ते लिहू न देणे हाच प्रामाणिकपणा होय.

ओआरएमने हीच कल्पना उचलली. परंतु तिचे स्थलांतर होताना तीन गोष्टी बदलल्या. पहिली, कॅस्केड आता केवळ काढून टाकण्यापुरता न राहता साठविणे, विलीन करणे, पुन्हा वाचणे अशा प्रत्येक क्रियेला लागू झाला. दुसरी, तो डेटाबेसमधून उठून प्रोग्राममध्ये आला. त्यामुळे एकाच डेटाबेसवर काम करणारे दोन प्रोग्राम दोन भिन्न नियम पाळू शकतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चक्राला हरकत घेणारा पहारेकरी मागेच राहिला.

जावा भाषेतील उदाहरण घेऊ. गॅविन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या हायबरनेटचा ठसा २००६ सालच्या जावा पर्सिस्टन्स एपीआय, म्हणजे जेपीए, या प्रमाणकावर उमटलेला आहे. जेपीएचा मूळ निर्णय सावध आहे : काहीही लिहिले नाही तर कॅस्केड होत नाही. पण त्याच प्रमाणकाने ‘कॅस्केडटाइप.ऑल’ असा एक सोयीचा शब्द दिला आणि सावधपणा तेथेच संपला. पर्सिस्ट, मर्ज, रिमूव्ह व रिफ्रेश अशा चार निरनिराळ्या परवानग्या लिहिण्याऐवजी एका शब्दात काम भागते म्हटल्यावर तोच शब्द वापरला जातो. पदव्युत्तर वर्गांचे प्रकल्प तपासताना हा शब्द विद्यार्थी–विषय, विषय–विभाग, विभाग–प्राध्यापक अशा प्रत्येक नात्यावर सरसकट लावलेला आढळतो. कारण विचारले असता ‘तो लावला नाही तर सेव्ह करताना एरर येतो’ असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही. नवीन ऑब्जेक्ट साठविण्यासाठी पर्सिस्टची परवानगी हवी असते. विद्यार्थी ती मिळविण्यासाठी नष्ट करण्याची परवानगीही त्याच सहीनिशी देऊन टाकतो. शिवाय ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ कायम राहत नाही. २००९ च्या जेपीए २.० मध्ये डिटॅच ही पाचवी क्रिया आली आणि २००६ मध्ये लिहिलेल्या ‘ऑल’मध्ये ती आपोआप समाविष्ट झाली. जुन्या प्रोग्राममध्ये डिटॅचची हाकच नसल्याने तत्काळ काही बिघडले नाही, हे खरे. पण पुढे येणाऱ्या अज्ञात क्रियांनाही आगाऊ संमती देणारा हा शब्द आहे, एवढे त्यावरून दिसून येते.

तीन उदाहरणे :

समजा, एका महाविद्यालयाच्या प्रणालीत विद्यार्थी व विषय यांचे बहु-बहु नाते आहे आणि विद्यार्थ्याकडून विषयाकडे ‘ऑल’ लावलेले आहे. एका विद्यार्थिनीने प्रवेश रद्द केला. लिपिकाने तिची नोंद काढली. ओआरएम तिच्यासोबत तिचे विषयही काढू पाहतो. मात्र इतर विद्यार्थ्यांच्या निवडीच्या ओळी त्या विषयांचा उल्लेख करीत असल्याने डेटाबेसचा फॉरेन की नियम हरकत घेतो, संपूर्ण ट्रान्झॅक्शन रद्द होते आणि अनर्थ टळतो. आता हेच ‘ऑल’ विषयाकडून विद्यार्थ्याकडेही लावले आहे असे समजा. आता विद्यार्थिनीमागे तिचे विषय, त्या विषयांमागे ते घेतलेले सर्व विद्यार्थी, त्यांच्यामागे त्यांचे अन्य विषय, अशी साखळी चालू होते. या वेळी ओआरएम प्रत्येक विद्यार्थ्याच्या निवडीच्या ओळीही नीट आधी काढून घेतो. हरकत घ्यायला कोणी शिल्लकच राहत नाही. अर्धवट चुकीला डेटाबेस अडवतो, पूर्ण चुकीला नाही, हा येथील विपर्यास आहे. जेपीएच्या प्रमाणकात रिमूव्हचा कॅस्केड फक्त एक-एक व एक-बहु नात्यांवरच लावावा, अन्यत्र तो लावणारे प्रोग्राम सर्व प्रणालींवर सारखेच चालतील याची हमी नाही, असे स्पष्ट म्हटलेले आहे. पण ती सूचना ग्रंथात आहे, कंपायलरमध्ये नाही. बहु-बहु नात्यावर ‘ऑल’ लिहिले असता कंपायलर एक शब्दही बोलत नाही.

दुसरे उदाहरण अधिक शांत आहे, म्हणून अधिक घातक आहे. विद्यार्थ्याची माहिती दुरुस्त करण्याच्या फॉर्ममधून त्याचे नाव, पत्ता आणि विभागाचा केवळ क्रमांक सर्व्हरकडे येतो. त्यापासून विद्यार्थी ऑब्जेक्ट तयार होतो. त्याला जोडलेल्या विभाग ऑब्जेक्टमध्ये क्रमांक ४ एवढेच असते, विभागाचे नाव रिकामे असते. नंतर ‘मर्ज’ केले जाते. नात्यावर मर्जचा कॅस्केड नसेल, तर ओआरएम फक्त क्रमांक ४ शी जोडणी करतो. कॅस्केड असेल, तर मात्र तो विभागाची अवस्थाही उतरवून घेतो आणि त्या स्तंभाला रिकामे मूल्य चालत असेल तर विभागाचे नाव पुसले जाते. एका विद्यार्थ्याचा पत्ता बदलला, त्या विभागातील प्रत्येकाच्या गुणपत्रिकेवरील विभागाचे नाव नाहीसे झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध कार्यालयात बसून कोणाला लागणार?

तिसऱ्या उदाहरणात कॅस्केड हा शब्दच नाही. सूचनाफलकावर लावायच्या यादीत विद्यार्थ्यांचे मोबाइल क्रमांक पूर्ण दिसू नयेत म्हणून प्रोग्रामर वाचलेल्या ऑब्जेक्टमधील पहिल्या सहा अंकांच्या जागी फुल्या टाकतो आणि यादी छापतो. ‘सेव्ह’ अशी हाक त्याने कोठेही मारलेली नाही. तरीही हे काम चालू ट्रान्झॅक्शनमध्ये झाले असेल, तर ट्रान्झॅक्शन संपताना हायबरनेट वाचतेवेळचे व आताचे मूल्य ताडून पाहतो, फरक आढळल्याने अपडेट पाठवतो आणि डेटाबेसमधील क्रमांकांच्या फुल्या होतात. एवढेच नव्हे, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये मध्येच एखादी संबंधित क्वेरी चालविली, तर हे लेखन शेवटपर्यंतही थांबत नाही. क्वेरीचे उत्तर अचूक यावे म्हणून ते आधीच उरकले जाते. म्हणजे वाचण्याच्या क्रियेने लेखन घडते.

या शेवटच्या वर्तनामागे एक विचार आहे आणि तो मार्टिन फाउलर यांच्या २००२ मधील ‘पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइज ॲप्लिकेशन आर्किटेक्चर’ या ग्रंथात ‘युनिट ऑफ वर्क’ या नावाने येतो. बदललेल्या ऑब्जेक्टची नोंद ठेवून शेवटी ते बदल एकत्र लिहिणे ही ती योजना. ही नोंद कोणी करावी याचे पर्याय फाउलर देतात : हाक मारणाऱ्याने करावी, ऑब्जेक्टने स्वतः करावी, किंवा वाचतेवेळी प्रत ठेवून शेवटी तुलना करावी. पहिल्या पर्यायात स्मृतीतील काही बदल न लिहिण्याची मुभा राहते, हे त्यांच्या ध्यानी आलेले आहे; पण त्या मुभेतून लाभापेक्षा गोंधळच अधिक होईल असा त्यांचा कल दिसतो. प्रस्तुत लेखकास हा कल मान्य नाही. विसरलेले लेखन ताबडतोब लक्षात येते, कारण पडद्यावर जुनेच मूल्य दिसते व वापरणारा तक्रार करतो. न मागितलेले लेखन कोणाच्याच लक्षात येत नाही. दोन चुकांमधून निवड करायची असेल, तर जी चूक स्वतःहून हजर होते तीच पत्करणे शहाणपणाचे आहे.

समवाय आणि संयोग :

कॅस्केड ही क्रियेची गोष्ट असताना ती नात्यावर लिहिली जाते, हा या रचनेतील मूळ दोष होय. विद्यार्थी आणि विभाग यांचे नाते वर्षभर तेच असते. पण प्रवेश देणे, विभाग बदलणे, प्रवेश रद्द करणे या क्रियांमध्ये विभागावर होणारा अपेक्षित परिणाम निरनिराळा असतो. सर्व क्रियांचे उत्तर नात्याच्या माथी एकदाच लिहून ठेवायचे, तर ते नाते तरी तसे घट्ट असायला हवे.

भारतीय दर्शनांत वैशेषिकांनी नात्यांचा हा भेद सूक्ष्मपणे केला आहे. भूतलावर घट ठेवलेला असतो तो संयोग; घट उचलला तरी भूतलाचे काही बिघडत नाही. तंतू आणि पट यांचा संबंध मात्र समवाय, म्हणजे अयुतसिद्ध; पट तंतूंना सोडून राहूच शकत नाही. विद्यार्थी–विभाग हा संयोग, तर गुणपत्रिका आणि तिच्यातील विषयवार गुणांच्या ओळी हे समवायाच्या जवळचे नाते, असे प्रथमदर्शनी म्हणता येईल. यूएमएलमध्ये काळ्या भरीव चौकटीने दर्शविले जाणारे कॉम्पोझिशन हेही याच जातीचे समजले जाते. परंतु येथे एक मौजेचा विरोध आहे. वैशेषिकांच्या मते तंतू नष्ट झाले तर पट नष्ट होतो. पट उसवला म्हणून तंतू नष्ट होत नाहीत. यूएमएल व ओआरएममध्ये दिशा उलटी आहे : अवयवी गेला की अवयव जातात, अवयव गेले तरी अवयवी रिकामा उभा राहतो. सर्व विषयांच्या ओळी काढून टाकलेली गुणपत्रिका ही गुणपत्रिका राहते काय? ओआरएमच्या दृष्टीने राहते. हे साम्य अधिक ताणणे योग्य नव्हे. मात्र घट्ट नाते आणि नाशाची दिशा हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हे आपल्या परंपरेतील या उदाहरणातून वर्गात चांगले समजावून देता येते.

एरिक इव्हान्स यांनी २००३ च्या ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ या ग्रंथात ॲग्रीगेट ही कल्पना मांडून या प्रश्नाला बरेच समर्पक उत्तर दिले. एकत्र जन्मणाऱ्या, एकत्र बदलणाऱ्या व एकत्र नष्ट होणाऱ्या ऑब्जेक्टभोवती सीमारेषा आखावी. रेषेच्या आत एकच प्रवेशद्वार असावे. या विचारातून पुढे रुजलेला नियम असा की, रेषेबाहेरच्या ऑब्जेक्टचा हात न धरता त्याचा केवळ क्रमांक जवळ ठेवावा. तसे केले की कॅस्केडला उतरायला पायरीच उरत नाही. तरी हा उपाय सर्वस्वी निर्धोक आहे असेही नाही. हायबरनेटमध्ये मुख्य ऑब्जेक्टच्या मालकीच्या संग्रहात भर पडली, तर मुख्य ऑब्जेक्टचा आवृत्ती-क्रमांक वाढतो. त्यामुळे दोन लिपिकांनी एकाच गुणपत्रिकेत एकाच वेळी दोन वेगळ्या विषयांच्या ओळी जोडल्या, तर दुसऱ्याचे काम नाकारले जाते. सीमारेषेच्या आतील या परिणामाचे आम्ही समर्थनच करू. परंतु तो अपेक्षित आहे हे आधी सांगितलेले असले पाहिजे.

चौकटींची माघार :

ओआरएम चौकटींचा गेल्या काही वर्षांतील इतिहास पाहता हा दोष त्यांच्या निर्मात्यांनाही जाणवला असावा. पायथॉनमधील जँगोचे उदाहरण लक्षणीय आहे. २०११ च्या १.३ आवृत्तीपर्यंत जँगोमध्ये मुख्य नोंद काढली की अवलंबून असलेल्या नोंदी काढल्या जाणे हाच एकमेव नियम होता. त्या आवृत्तीत ‘ऑन_डिलीट’ हा पर्याय आला, पण काही न लिहिल्यास जुनाच नियम लागू राहिला. डिसेंबर २०१७ मधील २.० आवृत्तीपासून तो पर्याय लिहिणे अनिवार्य झाले. कॅस्केड करा, अडवा, रिकामे करा, काहीही लिहा, पण लिहा. जुने प्रोग्राम त्यामुळे मोडले आणि नाराजीही झाली असेल. पण मौनाचा अर्थ ‘नष्ट करा’ असा घेण्याची पद्धत बंद झाली. जँगोच्या ॲडमिन विभागात नोंद काढण्यापूर्वी तिच्यासोबत काय-काय जाणार याची यादी दाखवून संमती मागितली जाते, ही गोष्टही अनुकरणीय आहे.

एसक्यूएल-अल्केमीची माघार सूक्ष्म आहे. तेथे नव्या ऑब्जेक्टला चालू सेशनमधील ऑब्जेक्टशी जोडले, म्हणजे नवीन मागणीपत्रावर ‘ग्राहक हा’ एवढे लिहिले, की दुतर्फा नात्यामुळे ते मागणीपत्र न सांगता सेशनमध्ये दाखल होई आणि अपुऱ्या अवस्थेतच डेटाबेसकडे धाडले जाण्याचा संभव असे. २०२१ च्या १.४ आवृत्तीत हे वर्तन त्याज्य ठरविण्यात आले व २०२३ च्या २.० आवृत्तीत काढून टाकण्यात आले. पहिली आवृत्ती २००६ ची. सोयीची एक सवय मोडायला सतरा वर्षे लागली.

‘प्रोग्रामरने ग्रंथ नीट वाचावा, साधनाला दोष देऊ नये’ हा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. अभियांत्रिकीतील अन्य शाखांनी हा युक्तिवाद कधीच मागे टाकला आहे. यंत्राला संरक्षक जाळी बसविताना कामगाराने पुस्तिका वाचली आहे की नाही हे कोणी पाहत नाही. शिवाय ग्रंथ वाचूनही पेच सुटत नाही, कारण एकाच चौकटीत एकाच हेतूच्या दोन हाका दोन प्रकारे वागतात. जेपीएमध्ये ऑब्जेक्टवर रिमूव्ह केले तर कॅस्केड चालतो; तीच नोंद जेपीक्यूएलच्या डिलीट विधानाने काढली तर तो चालत नाही. रेल्समध्ये ‘डिस्ट्रॉय’ने अवलंबून असलेल्या नोंदी जातात, ‘डिलीट’ने त्या अनाथ होऊन मागे राहू शकतात. मराठीत ‘काढणे’ आणि ‘काढून टाकणे’ यांतही छटेचा फरक आहे, पण त्यावर कोणाची गुणपत्रिका अवलंबून नसते.

अध्यापनाविषयी एक सूचना करावीशी वाटते. प्रात्यक्षिक परीक्षेत ओआरएमवरील प्रकल्प तपासताना आपण पडदे पाहतो, रिपोर्ट पाहतो, ‘कोड चालतो’ यावर समाधान मानतो. हायबरनेटमध्ये पाठविलेली एसक्यूएल विधाने दाखविण्याची, तसेच किती ऑब्जेक्ट साठविले, बदलले व काढले याची संख्या देण्याची सोय आहे. बहिर्गत परीक्षकाने विद्यार्थ्याला एकच नोंद काढावयास सांगावी. बटण दाबण्यापूर्वी किती डिलीट विधाने जातील ती संख्या उत्तरपत्रिकेवर लिहून घ्यावी, आणि मग बटण दाबू द्यावे.